छोट्या मोटारीचा वर्षाचा खर्च कसा काढावा : ठाणे-नवी मुंबईतल्या गाडीचा टप्प्याटप्प्याने हिशेब

गाडीला महिन्याला किती खर्च येतो, असे विचारले की बहुतेक जण पेट्रोलचा आकडा सांगतात, आणि तो आकडाही पुष्कळदा कंपनीने जाहीर केलेल्या ॲव्हरेजवरून काढलेला असतो. मग जानेवारीत विमा येतो, मार्चमध्ये सर्व्हिसिंग येते, पावसाळ्याआधी टायर बदलावे लागतात आणि दर वेळी "यंदा जरा जास्तच खर्च झाला" असे वाटते. वास्तविक जास्त काहीच झालेले नसते, तो खर्च हिशेबात धरलेलाच नसतो.

खाली दिलेली पद्धत पेट्रोल किंवा सीएनजीवर चालणाऱ्या छोट्या हॅचबॅकसाठी आहे. उदाहरणासाठी कासारवडवलीत राहणारे आणि ऐरोलीत नोकरी करणारे एक कुटुंब घेतले आहे. त्यांची गाडी साधारण एक लिटर इंजिनाची, तीन वर्षे जुनी आहे. दर आणि रकमा हिशेब समजावा म्हणून धरलेल्या आहेत. आपल्या कागदावर आपल्या पंपाचा आणि आपल्या वर्कशॉपचा दर घालावा, मात्र टप्प्यांचा क्रम बदलू नये. बहुतेक चुका क्रम चुकल्यामुळेच होतात.

सुरुवातीची तयारी

एक वही किंवा मोबाईलमधील साधी शीट घ्यावी आणि तिचे तीन कप्पे करावेत. पहिल्या कप्प्यात किलोमीटरबरोबर वाढणारा खर्च, म्हणजे इंधन, टायर, ब्रेक पॅड, क्लच. दुसऱ्यात गाडी जागची हलली नाही तरी कॅलेंडरप्रमाणे येणारा खर्च, म्हणजे विमा, पीयूसी, पार्किंग, गाडी पुसणाऱ्याचे पैसे. तिसऱ्यात अवचित येणारा खर्च. हे तीन कप्पे शेवटच्या टप्प्यापर्यंत एकमेकांत मिसळू देऊ नयेत. पहिल्याच दिवशी सगळ्याला किलोमीटरने भागून "प्रति किलोमीटर इतके" असा आकडा काढणाऱ्याचा हिशेब पुढे कोणत्याही प्रश्नाला उपयोगी पडत नाही.

त्यानंतर पुढील कागद एकत्र करावेत : आरसी, चालू विमा पॉलिसी, गाडीबरोबर आलेली मालकाची पुस्तिका, मागच्या किमान दोन सर्व्हिसिंगची जॉब कार्डे (गाडी ताब्यात घेताना वर्कशॉप भरते तो कागद) आणि बिले, आणि बँकेच्या किंवा यूपीआयच्या व्यवहारांचा वर्षभराचा उतारा. पंपावरच्या पावत्या कोणी जपून ठेवत नाही आणि जपल्या तरी सहा महिन्यांत त्यांवरची शाई उडते, परंतु यूपीआयच्या उताऱ्यात पंपावर दिलेली रक्कम तारखेसह सापडते. पुस्तिका हरवली असेल तर ती आधी मिळवावी, कारण चौथा टप्पा तिच्याशिवाय करता येत नाही.

टप्पा १ : वर्षाचे किलोमीटर काढणे

"आमची गाडी फारशी फिरत नाही" हे वाक्य हिशेबात चालत नाही. प्रत्येक जॉब कार्डावर तारीख आणि ओडोमीटरचे रीडिंग लिहिलेले असते. दोन कार्डांमधील किलोमीटरचा फरक मधल्या दिवसांनी भागावा आणि ३६५ ने गुणावा. आपल्या उदाहरणात पहिल्या कार्डावर १४ मार्चला १८,२४० किलोमीटर आहेत आणि पुढच्या वर्षीच्या २ फेब्रुवारीच्या कार्डावर २६,६९० आहेत. म्हणजे ३२५ दिवसांत ८,४५० किलोमीटर, दिवसाला २६ आणि वर्षाला ९,४९०. हिशेबासाठी ९,५०० धरू.

आता हीच संख्या उलट बाजूने, वापरावरून जुळवून पाहावी. ऑफिसचे एका बाजूचे अंतर १९ किलोमीटर, आठवड्यातून तीन दिवस, वर्षाचे ४८ आठवडे : ५,४७२ किलोमीटर. भाजी, शाळा, दवाखाना, रविवारचा फेरा असे आठवड्याला ३५ : १,८२०. साताऱ्याकडे गावी वर्षातून दोनदा, तिथल्या फिरण्यासह १,१००. लग्नकार्ये आणि सहली मिळून ९००. बेरीज ९,२९२ येते. कार्डावरच्या आकड्यापेक्षा दोनशे किलोमीटर कमी पडले तर ते पंपाच्या फेऱ्या, रस्ता चुकणे, पार्किंग शोधत फिरणे यांत गेलेले असतात आणि तसे चालते.

*पडताळा :* दोन्ही आकड्यांत एक दशांशाहून अधिक फरक पडला तर वापराच्या यादीतून एखादा नेहमीचा प्रवास सुटला आहे असे समजावे. बहुधा तो स्टेशनवर सोडण्या-आणण्याचा असतो.

या टप्प्यात आणखी एक काम करावे. किलोमीटरची विभागणी शहरातले आणि महामार्गावरचे अशी करावी. आपल्या उदाहरणात शहरातले ७,५०० आणि महामार्गावरचे २,००० येतात. ही विभागणी न केल्यास पुढच्या टप्प्यात हजारोंची चूक होते.

टप्पा २ : खरे ॲव्हरेज मोजणे

कंपनीने जाहीर केलेला आकडा प्रयोगशाळेतील ठरावीक चाचणीतून आलेला असतो. तो गाड्यांची आपापसांत तुलना करण्यासाठी ठीक आहे, घोडबंदर रोडवरच्या संध्याकाळसाठी नाही. मानपाड्यापासून माजिवड्यापर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणारी गाडी इंजिन चालू ठेवून उभी राहते, तेव्हा पेट्रोल जळत असते आणि किलोमीटर मात्र वाढत नसतात. डॅशबोर्डवर दिसणारा ॲव्हरेजचा आकडाही अंदाजी असतो आणि तो बहुधा चालकाला खूश करणाऱ्या बाजूलाच झुकलेला असतो.

मोजण्याची रीत अशी आहे. टाकी नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत भरावी आणि ओडोमीटरचे रीडिंग लिहावे. नेहमीप्रमाणे गाडी चालवावी. टाकी पाव उरली की त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, पुन्हा पहिल्यांदा बंद होईपर्यंत भरावी. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर, हे खरे ॲव्हरेज. असे सलग तीन वेळा करून तिन्ही वेळचे एकूण किलोमीटर आणि एकूण लिटर यांचा भागाकार घ्यावा.

*सावधान :* नोझल बंद झाल्यावर "साहेब, राउंड फिगर करू?" असे विचारून वरून आणखी पेट्रोल सोडले जाते. दोन्ही वेळी ते सारखे सुटत नसल्याने मोजणी बिघडते, शिवाय टाकी गळ्यापर्यंत भरणे गाडीलाही बरे नव्हे. पाचशे-पाचशे रुपयांचे पेट्रोल टाकत राहणाऱ्याला ॲव्हरेज कधीच मोजता येत नाही, कारण टाकीत किती उरले होते हे त्याला ठाऊक नसते.

महामार्गाचे ॲव्हरेज गावी जातानाच्या टाकीवर वेगळे मोजावे. आपल्या उदाहरणातील गाडी शहरात एसीसह लिटरला १४ आणि महामार्गावर २० किलोमीटर देते, असे धरू.

सीएनजीची मोजणी अधिक फसवी असते. छोट्या गाडीतील सिलिंडर पाण्याच्या मापाने साधारण ६० लिटरचा असतो आणि त्यात प्रत्यक्षात आठ-नऊ किलो गॅस बसतो, परंतु तो किती बसेल हे पंपावरच्या दाबावर अवलंबून असते. संध्याकाळी रांग लांबलेली असताना दाब उतरतो आणि गॅस कमी भरला जातो. म्हणून एका भरण्यावरून ॲव्हरेज काढू नये. पाच-सहा भरण्यांचे किलो आणि किलोमीटर एकत्र करून मगच भागाकार करावा.

टप्पा ३ : इंधनाची रक्कम

येथे एकच चूक इतक्या वेळा होते की ती आधी सांगतो. शहरातले १४ आणि महामार्गावरचे २० यांची सरासरी १७ धरून लोक ९,५०० ला भागतात. ५५९ लिटर येतात आणि १०४ रुपये दराने सुमारे ५८,१०० रुपये होतात. हे चूक आहे, कारण गाडी दोन्हीकडे सारखी चाललेली नाही. प्रत्येक वापराचे लिटर आधी वेगळे काढावेत : ७,५०० भागिले १४ म्हणजे ५३६ लिटर, २,००० भागिले २० म्हणजे १०० लिटर. एकूण ६३६ लिटर आणि सुमारे ६६,१०० रुपये. म्हणजे सरासरीच्या सोप्या वाटेने आठ हजार रुपये हिशेबातून गळून जातात. जाहिरातीतले २४ धरणाऱ्याला तर ४१,००० च दिसतात.

सीएनजीसाठी हीच रीत वापरावी, परंतु त्यात पेट्रोलही धरावे. सीएनजीची गाडी बहुधा पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जाते, आणि पंपावर रांग मोठी असली की माणूस कंटाळून पेट्रोलवरच घरी येतो. शहरात किलोला २१ आणि महामार्गावर २७ किलोमीटर, दर ८० रुपये असे धरल्यास ४३१ किलोचे ३४,५०० रुपये होतात. वर्षाचे ३० लिटर पेट्रोल मिळवल्यास एकूण ३७,६०० च्या आसपास. पेट्रोलच्या तुलनेत साडेअठ्ठावीस हजार वाचले, पण खरेदीच्या वेळी सीएनजी प्रकारासाठी सुमारे नव्वद हजार जादा मोजले असतील तर ते वसूल व्हायला तीन वर्षांहून अधिक काळ लागतो. वर्षाला चार-पाच हजार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीला सहा-सात वर्षे लागतात, आणि तेवढ्या काळात सिलिंडरमुळे बूट स्पेस, म्हणजे डिकीतली जागा, गेलेली असते ती वेगळीच.

*पडताळा :* यूपीआयच्या उताऱ्यातील पंपाच्या सर्व रकमांची बेरीज करावी. आपला आकडा तिच्या जवळ असेल तर पुढे जावे. उताऱ्यातील बेरीज बरीच कमी असेल, तर रोख दिलेले आठवावेत. बरीच जास्त असेल, तर ॲव्हरेज पुन्हा मोजावे.

टप्पा ४ : सर्व्हिसिंगचा अंदाज

पुस्तिकेत देखभालीचा तक्ता असतो : वर इतके किलोमीटर किंवा इतके महिने, आणि खाली प्रत्येक भागासमोर तपासा, स्वच्छ करा, बदला. तेथे "यांपैकी जे आधी येईल ते" हे शब्द असतात आणि तेच वाचायचे राहून जातात. १०,००० किलोमीटर किंवा बारा महिने असे लिहिले असेल आणि गाडी वर्षात ४,००० च चालली असेल, तरी बारा महिन्यांनी तेल बदलायचेच असते.

तक्त्याच्या जवळच बहुतेक पुस्तिकांत खडतर वापरासाठी वेगळे वेळापत्रक दिलेले असते. धूळ, छोटी अंतरे, सतत थांबत-चालत जाणारी वाहतूक, अशा वापराला ते लागू होते. ते वाचताना हा वापर दुसऱ्या कोणाचा तरी आहे असे वाटते, पण मेट्रो ४ च्या कामाखालून गेली काही वर्षे रोज जाणारी गाडी त्यात नेमकी बसते. माझा सल्ला असा की इंजिन ऑइल आणि एअर फिल्टर यांपुरते तरी ते वेळापत्रक धरावे, बाकीचे नेहमीचे ठेवावे.

आता चार वर्षांचा तक्ता मांडावा. एका वर्षाचे बिल पाहून अंदाज बांधणे ही या टप्प्यातील मुख्य चूक आहे, कारण लहान आणि मोठी सर्व्हिसिंग आलटून-पालटून येते. एका वर्षी तेल आणि फिल्टर, दुसऱ्या वर्षी त्यात ब्रेक फ्लुइड, चौथ्या वर्षी एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि पुस्तिकेप्रमाणे कूलंट. आपल्या उदाहरणात चार वर्षांची बिले अनुक्रमे ४,५००, ६,५००, ५,५०० आणि ९,५०० धरली, तर बेरीज २६,००० आणि वर्षाची सरासरी ६,५०० येते. नव्या गाडीच्या "फ्री सर्व्हिस"वरून तर काहीच ठरवू नये. त्यात फक्त मजुरी माफ असते, तेल, फिल्टर आणि इतर वापरून संपणाऱ्या वस्तूंचे पैसे द्यावेच लागतात.

सीएनजीची गाडी असेल तर सिलिंडरची दर तीन वर्षांनी करावी लागणारी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, याच तक्त्यात लिहावी. टेस्टची तारीख उलटून गेली तर पंपावर गॅस नाकारला जाऊ शकतो.

वर्कशॉपचे एस्टिमेट, म्हणजे खर्चाचा अंदाज, हातात आल्यावर ते पुस्तिकेच्या तक्त्याशेजारी ठेवून ओळीने वाचावे. तक्त्यात नसलेल्या ओळींवर पेन्सिलने खूण करावी. इंजिन फ्लश, डीकार्बनायझिंग, अँटी-रस्ट कोटिंग, एसी डिसइन्फेक्शन, इंटिरिअर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग या ओळी बहुधा खुणेखाली येतात. त्यांतले प्रत्येक काम निरुपयोगी असते असे नाही, खाडीकाठच्या दमट हवेत गाडीच्या तळाला गंज धरतो हे खरे आहे. पण ते काम दर वर्षी का, हा प्रश्न सर्व्हिस ॲडव्हायजरला विचारायलाच हवा, आणि "सगळे करतात, सर" हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

तेलाच्या ओळीत लिटर पाहावेत. माझ्या एका बिलात साडेतीन लिटर इंजिन ऑइल लावले होते आणि पुस्तिकेत फिल्टरसह क्षमता तीन लिटरहूनही कमी लिहिलेली होती. पुस्तिका काउंटरवर उघडून ठेवल्यावर दोन मिनिटांत बिल दुरुस्त झाले. त्याआधीच्या किती बिलांत हेच होते, ते मी घरी जाऊन पाहिले आणि मग पाहायला नको होते असे वाटले.

*सावधान :* काम सुरू होण्यापूर्वी जॉब कार्डावर "एस्टिमेटबाहेरचे काम फोन करून विचारल्याशिवाय करू नये" असे लिहून घ्यावे आणि बदललेले जुने पार्ट परत मागावेत. मजुरी आणि पार्ट यांच्या रकमा वेगळ्या दाखवायला सांगाव्यात. मागच्या वर्षांच्या बिलांवरून अंदाज बांधत असाल तर एक बदल ध्यानात ठेवावा : २२ सप्टेंबर २०२५ पासून टायर आणि गाड्यांच्या सुट्या भागांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. मजुरीवर तो १८ टक्केच आहे.

टप्पा ५ : झिजणाऱ्या भागांचा वर्षाचा वाटा

टायरचे बिल पाच वर्षांतून एकदा येते, म्हणून ते अचानक आल्यासारखे वाटते. उपाय सोपा आहे. प्रत्येक भागाची किंमत आणि आयुष्य लिहून वर्षाचा वाटा काढावा, आणि तो दर महिन्याला खरोखरच बाजूला ठेवावा.

चार टायर, फिटिंग, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट मिळून १९,५०० आणि आयुष्य ४५,००० किलोमीटर धरले, तर वर्षाला ४,१२० होतात. बॅटरी ४,५०० ची, चार वर्षे : १,१२५. पुढचे ब्रेक पॅड २,५०० चे, ३०,००० किलोमीटर : ७९०. क्लच मजुरीसह १०,०००, शहरातल्या वापरात ६०,००० किलोमीटर : १,५८०. वायपर पावसाळ्याआधी दर वर्षी : ८००. अलाइनमेंट-बॅलन्सिंग वर्षातून दोनदा : १,४००. बुश, लिंक रॉड, शॉक ॲब्झॉर्बर यांसाठी पाच वर्षांचे ८,००० : १,६००. बेरीज ११,४१५, हिशेबासाठी ११,५०० धरू.

क्लचचे आयुष्य चालवणाऱ्याच्या डाव्या पायावर ठरते. तीन हात नाक्याच्या सिग्नलवर गाडी न्यूट्रलमध्ये न टाकता क्लच दाबून उभे राहणाऱ्याने ६०,००० ऐवजी ४०,००० धरावेत. घरात दोघे जण गाडी चालवत असतील तर कमी आयुष्यवाल्याचा आकडा घ्यावा, आणि तो कोणाचा आहे यावर जेवताना चर्चा करू नये.

टायर किलोमीटरने संपला नाही तरी वयाने संपतो. टायरच्या बाजूला चार अंकी आकडा असतो : २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. कमी चालणाऱ्या गाडीत खाचा भरपूर शिल्लक असतात आणि रबर मात्र कडक होऊन भेगाळलेले असते. सहा वर्षांपुढचा टायर खाचा पाहून चालवत राहू नये. नवे टायर घेतानाही हा आकडा पाहावा, जुना साठा "डिस्काउंट"मध्ये दिला जातो. खाचेच्या तळाशी उंचवट्यासारखी खूण असते, टायर तिच्या पातळीला आला म्हणजे खाच १.६ मिलिमीटरवर आलेली असते आणि पावसाळ्यात एवढी खाच पुरत नाही.

टप्पा ६ : कॅलेंडरप्रमाणे येणारा खर्च

विम्यात दोन भाग असतात. तृतीय पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा, दर सरकार ठरवते : १,००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये आणि १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६, अधिक जीएसटी. त्यामुळे ९९८ सीसीची आणि १,१९७ सीसीची गाडी बाहेरून सारखीच दिसली तरी या ओळीत फरक पडतो. दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, त्यात कंपन्यांची स्पर्धा असते आणि घासाघीस करता येते.

नव्या गाडीच्या मालकांची एक ठरलेली फसगत होते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तृतीय पक्षाचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी फक्त स्वतःच्या नुकसानीचा हप्ता येतो, तो कमी दिसतो आणि लोक तोच आकडा पुढे धरून चालतात. चौथ्या वर्षी तृतीय पक्षाचा हप्ता परत येऊन मिळतो. आपल्या उदाहरणातील गाडी नेमकी याच वळणावर आहे, म्हणून झिरो डेप (क्लेममध्ये भागांची घसारा-कपात न होण्याची जोड) आणि इंजिन संरक्षणासह १२,००० धरले आहेत.

नो क्लेम बोनस, म्हणजे वर्षभर क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि एका क्लेममुळे शून्यावर येतो. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही तरीही तो जातो. म्हणून दीड-दोन हजारांच्या ओरखड्यासाठी क्लेम करण्याआधी पुढच्या वर्षी किती बोनस जाईल तो आकडा काढून पाहावा. जुनी गाडी घेणाऱ्याने विकणाऱ्याचा बोनस आपल्याला मिळेल असे धरू नये, तो गाडीचा नसून मालकाचा असतो.

*सावधान :* इंजिन संरक्षणाची जोड महाग वाटली तरी ठाण्यात ती घ्यावी. वंदना सिनेमाच्या परिसरात किंवा एखाद्या सखल भुयारी मार्गात पाण्यात गाडी बंद पडली आणि पुन्हा स्टार्टर मारला, तर पाणी इंजिनात ओढले जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुधा नाकारले जाते. जोड घेतलेली असली तरीही बंद पडलेली गाडी ढकलूनच बाहेर काढावी.

बाकीच्या ओळी लवकर उरकतात. पीयूसी सव्वाशेच्या आसपास. सोसायटीचे पार्किंग महिना ३०० प्रमाणे ३,६००. गाडी पुसणाऱ्याचे महिना ६०० प्रमाणे ७,२००. हा आकडा लोक कधीच लिहीत नाहीत, आणि तो वर्षाच्या सर्व्हिसिंगपेक्षा मोठा निघतो. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली गाडी घेत असाल तर तिला एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेट, बसवली आहे का ते पाहावे, नसल्यास ७४५ रुपये अधिक जीएसटी एकदाच धरावेत.

टोलची ओळ आता अनेकांच्या जुन्या हिशेबात चुकीची राहिली आहे. मुलुंडचे दोन्ही, ऐरोली, वाशी आणि दहिसर या पाच नाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. ती रक्कम खोडावी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे एका बाजूचे ३२० रुपये मात्र लिहावेत. ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला फास्टॅग वार्षिक पास २०० फेऱ्यांचा असला तरी तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो, द्रुतगती मार्गावर किंवा अटल सेतूवर नाही. वर्षातून दोनदा साताऱ्याला जाणाऱ्याला खेड शिवापूर आणि आनेवाडी मिळून आठच नाके लागतात, तेव्हा त्याने पास घेऊ नये. दर आठवड्याला नाशिकला जाणाऱ्याने जरूर घ्यावा. उदाहरणातील कुटुंबासाठी वर्षाचा टोल ३,००० धरला आहे.

या टप्प्याची बेरीज सुमारे २५,९००.

टप्पा ७ : अवचित खर्चाची राखीव रक्कम

पंक्चर, ई-चलन, टोइंग, आरशाची काच, क्लेममधील आपल्या वाट्याची रक्कम. याशिवाय आपल्याकडचा एक खास खर्च म्हणजे उंदीर. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये चार दिवस उभ्या असलेल्या गाडीचे वायरिंग ते कुरतडतात आणि बिल काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत कितीही येते. तीन ते पाच वर्षे वयाच्या गाडीसाठी वर्षाला ६,००० राखून ठेवावेत. ते खर्च झाले नाहीत तर पुढच्या वर्षात ओढावेत, सहलीत नव्हे.

टप्पा ८ : बेरीज, आणि कोणत्या प्रश्नाला कोणता आकडा

इंधन ६६,१००, सर्व्हिसिंग ६,५००, झिजणारे भाग ११,५००, कॅलेंडरचा खर्च २५,९००, राखीव ६,०००. एकूण १,१६,००० रुपये. महिन्याला सुमारे ९,६७०, किलोमीटरला १२ रुपये २० पैसे. कर्जाचा हप्ता आणि गाडीची घटणारी किंमत यात नाही, त्या दोन ओळी खाली वेगळ्या लिहाव्यात.

आता कप्पे वेगळे ठेवल्याचा उपयोग होतो. उद्या ऐरोलीला गाडीने जावे की ट्रान्स-हार्बर लोकलने, असा प्रश्न असेल तर १२.२० चा आकडा वापरू नये, कारण विमा आणि पार्किंग गाडी घरी राहिली तरी भरावेच लागते. तेथे शहरातले इंधन, म्हणजे १०४ भागिले १४, आणि टायर, ब्रेक, क्लच यांची झीज एवढेच धरावे : किलोमीटरला आठ रुपयांच्या थोडे वर. ३८ किलोमीटरचे सुमारे ३१० रुपये, अधिक ऑफिसजवळचे पार्किंग. याची तुलना लोकल आणि दोन्ही टोकांच्या रिक्षाच्या भाड्याशी करावी. उलट, गाडी ठेवावी की विकून टाकावी, असा प्रश्न असेल तर संपूर्ण १,१६,००० आणि त्यावर घटणारी किंमत, दोन्ही धरावे लागतात. पहिल्या प्रश्नाला दुसऱ्याचा आकडा लावणारा गाडी उगाच घरी ठेवतो, आणि दुसऱ्याला पहिल्याचा लावणारा ती उगाच पाळतो.

टप्पा ९ : सहा महिन्यांनी दुरुस्ती

शीटमध्ये अंदाजाच्या शेजारी प्रत्यक्ष खर्चाचा रकाना ठेवावा आणि सहा महिन्यांनी दोन्ही ताडून पाहावेत. मे महिन्यात एसीमुळे आणि जुलैत खड्ड्यांमुळे-कोंडीमुळे ॲव्हरेज उतरते, म्हणून डिसेंबरात मोजलेला आकडा वर्षभराला लावला असेल तर तो येथे दुरुस्त होतो. इंधनाच्या ओळीत दर बदलल्याचा परिणाम आणि ॲव्हरेज घटल्याचा परिणाम वेगळे ठेवावेत, त्यासाठी रुपयांबरोबर लिटरही लिहीत जावे. दर तोच आणि रस्ता तोच असताना लिटर वाढू लागले, तर आधी टायरमधली हवा पाहावी, मग एअर फिल्टर काढून उजेडात धरावा, आणि त्यानंतरच वर्कशॉपला फोन करावा.